खलाशांची चाल

औषधांच्या दुकानात गल्ल्याच्या वर कॅमेऱ्याचा एक लहानसा पडदा बसवला होता आणि त्यात दुकानातली माणसं पाठीमागून, जरा वरून, राखाडी रंगात दिसत. रांगेत उभ्या उभ्या तिची नजर सहज तिकडे गेली. पुढचा माणूस पैसे देऊन बाजूला झाला, रांग सरकली, आणि पडद्यावर तिला बाबा चालताना दिसले. पाय थोडे फाकवून, प्रत्येक पावलाला अंग आधी डावीकडे सोडून देऊन मग हळूच सावरून घेत. बाबाच. त्यांना जाऊन काही वर्षं झाली होती, तरी तिला आधी आनंदच झाला, शाळा सुटल्यावर ते फाटकापाशी उभे दिसायचे तेव्हा व्हायचा तसा, पोटातून. ती गर्रकन मागं वळली. मागं एक अनोळखी बाई मोबाइलमध्ये डोकं घालून उभी होती. पुन्हा वर पाहिलं तेव्हा पडद्यावरची आकृतीही मान वळवून वर बघत होती, आणि त्या आकृतीच्या खांद्याला हिचीच पिशवी होती. “काय देऊ?” दुकानदार विचारत होता, बहुधा दुसऱ्यांदा. आपण काय घ्यायला आलो होतो ते ती साफ विसरली होती. “काही नाही,” ती म्हणाली आणि गल्ल्याची कड सोडताना तिला कळलं की आपण ती केव्हाची घट्ट धरून ठेवली होती.

बाहेर आल्यावर तिनं पायांकडे लक्ष देऊन चालायचा प्रयत्न केला, आणि लक्ष दिल्यावर कुणालाच धड चालता येत नाही तसं तिचं झालं. फुटपाथच्या कडेला दुकानांच्या पायऱ्या होत्या. एकेका पायरीच्या कोपऱ्याशी तिचा हात आपोआप भिंतीकडे जात होता. हा हात कधीपासून भिंतीकडे जायला लागला? चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत ती काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करी, वीस-एक वर्षं तरी करत होती, आणि गेल्या काही महिन्यांत काचांच्या कडांना टवके उडायला लागले होते. आधी तिनं घासायच्या चाकाला दोष दिला. मग डोळ्यांना. आपल्याच दुकानात नंबर तपासून घेतला, तो बदललेला नव्हता. मालक भला माणूस. तो काही बोलला नाही, फक्त महागाच्या काचा हळूहळू शेजारच्या टेबलावर जायला लागल्या. तिनं ते पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. माणूस स्वतःशी किती काळ नजर चुकवून राहू शकतो! आणि आता त्या पडद्यानं, काही देणंघेणं नसलेल्या त्या भिंतीवरच्या डोळ्यानं, एका पावलात सगळं समोर ठेवलं होतं.

तशी ही चाल घरात काही लपवायची गोष्ट नव्हती, उलट मिरवायची होती. खलाशांची चाल म्हणत तिला. पणजोबा जहाजावर होते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी पाण्यावर काढली आणि मग जमिनीवर येऊन लग्न केलं, संसार मांडला, पण पाय समुद्राचेच राहिले. जमीन स्थिर आहे यावर त्यांचा कधी विश्वासच बसला नाही. तेच पाय आजोबांना मिळाले, तेच बाबांना. “पाण्यानं दिलेले पाय जमिनीला परत घेता येत नाहीत,” असं आत्या म्हणायची, आणि हे वाक्य ती नेहमी त्याच जागी, त्याच आवाजात म्हणायची. गल्लीत बाबांना सगळे कप्तान म्हणत. संध्याकाळी कामावरून ते डुलत डुलत येताना दिसले की कोपऱ्यावरचा सायकलवाला ओरडायचा, “काय कप्तान, आज वारं फार दिसतंय!” आणि बाबा थांबून, कपाळावर हात आडवा धरून, लांब पाहत म्हणायचे, “किनारा दिसला की कळवतो तुला.” मग सगळी गल्ली हसायची. बाबांच्या मागून ती आणि धाकटा भाऊ तसंच डुलत चालायचे. धाकट्याला ते फार छान जमायचं. तिला जमायचं नाही, ती फार सरळ चालायची, बाबा म्हणायचे, “ही आईवर गेली, हिला जहाजावर बोट लागेल.” आईवर गेली म्हणून ती तेव्हा रुसायची. नंतरच्या वर्षांत बाबांच्या हातातून कप सुटायला लागले, जिना चढताना ते कठड्याला मिठी मारायचे, शब्द तोंडात चिकटून बसायचे, पाणी पितानासुद्धा ठसका लागायचा. सगळे म्हणाले, वय झालं. वय काही तसं झालेलं नव्हतं. पण ‘वय झालं’ म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही.

डॉक्टरीणबाई वयानं तिच्याहून लहानच होत्या. त्यांनी तिला नाकाला बोट लावायला सांगितलं, मग त्यांच्या बोटाला, मग पुन्हा नाकाला. तिचं बोट वाटेत थरथरून दुसरीकडेच टेकलं. त्यांनी विचारलं, “घरात आणखी कुणाला असं होतं का?” ती हसली. म्हणाली, “आमच्या घराण्यातच आहे हे. आम्ही खलाशांचे वंशज.” “म्हणजे?” मग तिनं गोष्ट सांगितली, पाहुण्यांना सांगतात तशी, योग्य जागी थांबून, योग्य जागी डोळे मोठे करून. आणि सांगता सांगता मध्येच ती गोष्ट तिला पहिल्यांदा ऐकू आली. पणजोबा. आजोबा. बाबा. सगळ्यांची तीच चाल, साधारण त्याच वयाला. आजोबांनी तर कधी होडीतही पाय ठेवला नव्हता. तिचा आवाज खाली खाली येत बंद पडला. डॉक्टरीणबाईंनी पेन टेबलावर ठेवलं होतं. “चालण्याची सवय अशी पिढ्यान्‌पिढ्या उतरत नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “शरीर उतरतं.” मग त्यांनी समजावून सांगितलं. मेंदूचा तोल सांभाळणारा भाग, हळूहळू, आई किंवा बाप यांच्यापैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता, औषध नाही, पण बरंच काही सुसह्य करता येतं. रक्त तपासून नक्की कळेल. तोवर जमलं तर घरातलं मागचं शोधून काढा, कुणाला, कोणत्या वयात, पुढं काय झालं. “भावंडं आहेत?” “एक भाऊ आहे. धाकटा.” “त्यांना मुलं?” तिनं खिडकीकडे पाहिलं. बाहेर कुणीतरी गच्चीवर चादरी वाळत घालत होतं. “होणार आहे,” ती म्हणाली. “पहिलंच.”

आत्या एकटी राहायची. टेलिफोनच्या ऑफिसात तिनं जन्म काढला, कानाला यंत्र लावून इकडच्या माणसाला तिकडच्या माणसाशी जोडून द्यायचं काम. आता ऐंशी ओलांडून गेली तरी तिची खोली लखलखीत आणि पाठ ताठ. तिनं लग्न केलं नव्हतं. का, ते कुणी विचारत नसे. आत्याला काही विचारायचं म्हणजे आधी तिनं विचारू द्यावं लागायचं. त्या दिवशी तिनं विचारू दिलं नाही. “पणजोबांचं कशाला काढलंस आज?” म्हणून तिनं चहा ठेवला आणि पाठमोरी राहूनच गोष्ट सांगितली, अक्षर न बदलता. “जहाजाचं नाव काय होतं गं आत्या?” “मला काय माहीत?” “कुठल्या बंदरातून जायचे?” “अगं, गोष्ट आहे ती,” आत्या वैतागून म्हणाली, “पत्ता नाही.” मग गाळणी कपावर आपटून ती पुढं म्हणाली, “माझी आजी भोंग्याचं फार सांगायची. वखारीचा भोंगा वाजला की ती दारात जाऊन उभी राहायची म्हणे.” एवढं बोलून तिनं जीभ चावल्यासारखं केलं, आणि बिस्किटं नरम झाली का बघ म्हणाली.

जुन्या कागदांचं सरकारी दप्तर नदीकाठच्या एका लांबलचक इमारतीत होतं. रजा टाकून ती तिथं जायला लागली. आत गारवा होता आणि कागदाचा एक आंबूस वास, जो घरी गेल्यावरही नाकात राहायचा. तिथला कारकून गप्पिष्ट होता. “सगळ्यांना आपला खापरपणजा सरदार निघायला हवा असतो,” तो म्हणाला, “खलाशी शोधत आलेल्या तुम्ही पहिल्याच.” त्यानं जहाजांवरच्या नोकरांच्या याद्या काढून दिल्या. दिवसामागून दिवस ती ती नावं वाचत राहिली, बोट ओळीवर ठेवून, कारण बोट ठेवलं नाही तर ओळ हलायची. कितीतरी माणसं पाण्यावर गेली होती, कुणी ताप येऊन मेलं होतं, कुणी पळालं होतं, कुणाच्या नावापुढं नुसतंच ‘परतला नाही’ लिहिलेलं. तिला त्यांच्याविषयी माया वाटायला लागली, जणू ही आपलीच. पण तिचा पणजोबा त्यांत नव्हता. संध्याकाळी परत येताना वाटायचं, नसू दे सापडायला. जोवर सापडत नाही तोवर तो जहाजावर आहे. मग एक दिवस आत्याचा भोंगा आठवून तिनं विचारलं, वखारींचे काही कागद आहेत का? कारकून म्हणाला, “वखार बंद पडली तेव्हा सगळं आमच्याच गळ्यात मारलं. धान्याच्या वखारीत जहाज शोधणार की काय?” आणि स्वतःच्याच विनोदावर हसत आत गेला.

तो वखारीतच होता. धान्य तोलायच्या मोठ्या काट्यापाशी उभा राहणारा तोलणारा. नाव, बापाचं नाव, गाव, सगळं जुळत होतं. दर महिन्याला पगार घेताना त्यानं सही केली होती आणि त्या सह्या एकाखाली एक वर्षानुवर्षं उतरत गेल्या होत्या. आधीच्या सह्या टपोऱ्या, अभिमानी, शेवटच्या अक्षराला एक उगाचच झोकदार शेपूट. मग शेपूट गेलं. मग अक्षरं एकमेकांपासून लांब जायला लागली, ओळ सोडून वरखाली व्हायला लागली, एका महिन्यात तर सही पाटीवर गिरवावी तशी मोठी आणि वेडीवाकडी. त्यानंतर अंगठा. अंगठाही धड उठलेला नव्हता, फरपटलेला होता. आणि त्यापुढं दुसऱ्या कुणाच्या तरी गोट्यांसारख्या गोल, सुखवस्तू अक्षरात शेरा: ‘कामावर नशेत असतो. पाय ठरत नाहीत. समज देऊनही सुधारणा नाही. काढून टाकले.’ ‘पाय ठरत नाहीत’ या शब्दांवर तिचं बोट होतं आणि ते बोटही ठरत नव्हतं. घरातली गोष्ट म्हणत होती खलाशी, वखारीची शाई म्हणत होती दारुडा, आणि दोन्हींमध्ये तो माणूस काट्यापाशी उभा होता, एक हात खांबाला लावून, आपल्याला काय होतंय हे न कळून. ती उठली तेव्हा कारकुनानं नक्कल मिळाल्याची सही मागितली. तिनं केली. त्यानं ती पाहिली, मग तिच्याकडे पाहिलं, आणि या वेळी तो काही विनोद करायला गेला नाही.

परत आत्याकडे गेली तेव्हा तिनं तो कागद टेबलावर ठेवला. आत्यानं चष्मा लावला, वाचला, चष्मा काढला. “नशेत!” ती म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. “थेंब लावला नव्हता त्यानं ओठाला. जन्मात नाही.” रस्त्यावरची पोरं त्याला खडे मारायची म्हणे, आत्या सांगायला लागली. वाणी उधार देईना, घरमालकानं बेवड्याचं बिऱ्हाड नको म्हणून सामान बाहेर काढलं. मग आजीनं, म्हणजे हिच्या पणजीनं, त्याला आणि पोरांना घेऊन गाव सोडलं. नव्या गावात पहिल्याच सकाळी पाणी भरायला गेली तेव्हा एका बाईनं विचारलं, तुमचे मालक घेतात का हो? चालताना पाहिलं काल. “आजी मला म्हणाली, त्या वेळी हंडा डोक्यावर होता आणि विचार करायला सवड नव्हती. ती म्हणाली, छे हो, जहाजावर होते इतकी वर्षं. झालं! एका वाक्यात. दुपारपर्यंत सगळ्या गावाला कळलं होतं. पोरं खडे मारायच्या ऐवजी दारात येऊन बसायला लागली, आम्हाला समुद्राचं सांगा म्हणून. आणि तो सांगायचा! समुद्र कसा असतो ते त्यानं चित्रातसुद्धा पाहिलं नसेल. पण आजी म्हणायची, असं सांगायचा की तिला स्वतःला खरं वाटायचं. जाईपर्यंत ताठ मानेनं राहिला बघ तो माणूस.”

“तुला हे कधी कळलं?” तिनं विचारलं. आत्या उठली. खिडकीशी गेली, पडदा उगाच सारखा केला. “माझे बाबा डुलायला लागले तेव्हा. आजी तेव्हा होती. तिनं मुलाला चालताना पाहिलं आणि मला न्हाणीघरात नेऊन, दार लावून सांगितलं. म्हणाली, हे जहाजाचं नाही, रक्ताचं आहे. तू मुलगी आहेस, तुला ठाऊक असलेलं बरं. तुझ्या भावाला नको सांगू, तो मोडून जाईल.” आत्या वळली. “तेव्हा माझं लग्न ठरत आलं होतं. आमच्याच ऑफिसात तारा दुरुस्त करायचा तो. चांगला होता. गाणं बिणं म्हणायचा. मी नाही म्हटलं. कारण दिलं नाही, काय देणार? बसून करायचं काम होतं ते सोडलं नाही, आणि वाट बघत राहिले. रोज सकाळी दात घासताना एका पायावर उभी राहायचे. आज आलं का? नाही. उद्या येईल.” आणि मग आत्यानं ते केलं जे हिला पुढं कितीही प्रयत्न करून विसरता येणार नव्हतं. पडद्यावरचा हात काढून ती खोलीच्या मधोमध आली, पातळ जरासं वर धरलं, आणि एक पाय उचलून उभी राहिली. ऐंशी ओलांडलेली बाई, पाण्यातल्या बगळ्यासारखी, कशालाही न धरता. पायाची नससुद्धा हलत नव्हती. “बघ,” ती म्हणाली. तिचे डोळे भरून वाहत होते आणि आवाज रागानं कापत होता. “बघ. आलंच नाही मला. अजून नाही आलं.”

ती उठून पुढं गेली आणि तिनं आत्याला धरलं. दोघींपैकी कोण कुणाला सावरत होतं कोण जाणे. आत्याच्या खांद्याला औषधी तेलाचा वास होता. “बाबांना सांगायचंस तरी,” ती म्हणाली. आत्यानं नाक पुसलं. “त्याचं लग्न ठरलं तेव्हा रात्रंदिवस तेच डोक्यात होतं. तोंडापर्यंत आलेलं गिळलं. तुझ्या आईला पहिल्यांदा बघून आला आणि असा नाचत आला घरी, कसं सांगू? आणि सांगितलं असतं तर तू कुठून आली असतीस गं?” तिला बाबा आठवले, कपाळावर हात धरून किनारा शोधणारे. एवढी वर्षं तो माणूस डुलत डुलत, हसत हसत जगला, आणि सगळी गल्ली त्याच्याबरोबर हसली. आणि इथं ही बसून राहिली, कानाला दुसऱ्यांची बोलणी लावून. “धाकट्याला सांगणार आहेस?” आत्यानं विचारलं. ती म्हणाली, माहीत नाही. आत्या म्हणाली, “मला विचारू नकोस. मी एकदा ठरवलंय, माझा कोटा संपला.”

सुट्टीच्या दिवशी दुपारी ती भावाच्या घराचा जिना चढली, कठडा धरून, प्रत्येक पायरीवर काहीतरी ठरवत आणि पुढच्या पायरीवर ते बदलत. न सांगता राहता येणार नाही का? मग बाळ येईल, धाकटा त्याला खांद्यावर घेऊन डुलेल, आणि कधीतरी पुढं, कुणाला कळेल तेव्हा कळेल. पण धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच इमारतींच्या काळोख्या खोबणीत, लिफ्टच्या छपरावर उभा राहून, हातात पाना घेऊन. या विचारापाशी ती पोचली की तिचे पाय जागीच थांबायचे. दार उघडंच होतं. धाकटा जमिनीवर फतकल मारून कुणाकडून तरी आणलेला लहान मुलाचा लाकडी पलंग काचकागदानं घासत होता. पांढऱ्या भुशानं त्याच्या भुवया म्हाताऱ्या झाल्या होत्या. “ये ताई! ही आत झोपली आहे, हळू बोल.” तिनं खुर्चीची पाठ धरली आणि बसली. तो उत्साहात होता. रंग कोणता द्यायचा, यावर नवराबायकोचं जुंपलं होतं. “आणि बोलायला लागलं ना पोरगं, की पहिली गोष्ट पणजोबांची. ती तू सांगायची. बाबांसारखी तुलाच येते.” तिनं त्याच्याकडे पाहिलं. हातातला काचकागद तो लाकडावर सरळ, एका लयीत फिरवत होता. काय म्हणावं म्हणून तिनं खूप काही जुळवून आणलं होतं, त्यातलं काहीच तोंडात आलं नाही. “पणजोबा जहाजावर नव्हते,” ती म्हणाली.

मग सांगितलं. फार थोड्या शब्दांत, कारण जास्त शब्द असे उरलेच नव्हते. पडदा, डॉक्टरीणबाई, निम्मी शक्यता. वखार. आत्या. त्याचा हात लाकडावर आधी मंदावला, मग थांबला, पण कागद तिथंच दाबलेला राहिला. “तुला आहे?” त्यानं विचारलं. “आहे. परवा नक्की कळलं.” “बाबांना माहीत होतं?” “नाही.” “म्हणजे ते खरंच समजत होते, की...” तो हसला, तसं हसणं तिनं त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. “कप्तान!” तो म्हणाला. “आणि मला असू शकतं.” “तुला असू शकतं. नसूही शकतं. तुला कळून घ्यायचं असेल तर कळतं, नको असेल तर...” “आणि याला?” त्यानं बायको झोपली होती त्या खोलीकडे हनुवटी केली. धाकटा उठला. कपड्यांवरचा भुसा झटकायचा विसरला. “कशाला सांगितलंस, ताई?” तो म्हणाला, ओरडून नाही, लहानपणी खेळताना लागलं की म्हणायचा त्या आवाजात. “कशाला आलीस तू आज?” आणि चपला न घालताच तो दाराबाहेर गेला. जिन्यावर त्याची पावलं वाजत खाली गेली. तिला ऐकायचं नव्हतं. तरी तिचे कान प्रत्येक पाऊल तोलत होते, हे जड पडलं का, हे चुकलं का. आणि स्वतःची तिला किळस आली, की आता या पोराचं एकही पाऊल आपल्याला नुसतं पाऊल म्हणून ऐकू येणार नाही.

“मी जागी होते,” भावजय म्हणाली. ती खोलीच्या दारात उभी होती, एक हात चौकटीवर, एक पोटावर, केस सुटलेले. चेहऱ्यावर झोपेच्या घड्या होत्या पण डोळ्यांत झोप नव्हती. “परवा कळलं ना तुम्हाला? मग परवा का नाही आलात?” “हिंमत झाली नाही,” ती म्हणाली. भावजय आता रडेल, किंवा जा म्हणेल, आणि जा म्हणाली तर जायचं, असं तिनं मनाशी ठरवलं. पण भावजय आत आली, पलंगाच्या दांडीवरून बोट फिरवून भुसा पाहिला, आणि अवघडल्यासारखी हळूहळू जमिनीवरच बसली. “लग्नानंतर पहिल्यांदा मी या घरात आले,” ती म्हणाली, “तेव्हा बाबांनी शब्द अडखळत असतानाही मला ती गोष्ट सांगितली होती. मला वाटलं, चला, हे लोक तरी आपल्याला सगळं सांगतात.” तिनं डोळे पुसले, रागानं, मनगटाच्या मागच्या बाजूनं. “मी काय करायचं ते मी आणि तो बघू. ते तुम्ही सांगायचं नाही.” “नाही सांगणार.” “पण बाकीचं सगळं सांगा. कोण कोण होतं, काय करायचं, कसे गेले. बायकासुद्धा. ती पाणी भरायला गेलेली. आणि तुमच्या आत्या. मला आता अर्धवट काही नको आहे.”

खिडकीतून दुपारचं ऊन पलंगाच्या उघड्या लाकडावर पडलं होतं आणि त्यात भुसा तरंगत होता. ती खुर्चीवरून उतरली, हात टेकत, जरा धडपडत, आणि या वेळी ते धडपडणं तिनं लपवलं नाही. भावजयीच्या समोर बसली. कुठून सुरुवात करायची? गोष्टीला जन्मभर एक सुरुवात होती, समुद्राची, आणि ती आता कामाची नव्हती. “एक माणूस होता,” ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. योग्य जागा कुठल्या, कुठं थांबायचं, काहीच ठाऊक नव्हतं. “धान्याच्या वखारीत तोलायचं काम करायचा. सही फार झोकात करायचा. तो दारू पीत नसे.” भावजय ऐकत होती. ती पुढं सांगत गेली, चाचरत, मध्येच एखादी गोष्ट राहिली म्हणून परत येत. काट्याचा खांब. रस्त्यावरची पोरं. सामान बाहेर काढलेलं बिऱ्हाड. ती पणजीच्या हंड्यापर्यंत आली होती तेव्हा जिन्यावर पावलं वाजली, सावकाश, अनवाणी. धाकटा दारात उभा राहिला. त्याच्या पायांना रस्त्याची धूळ लागली होती आणि भुवया अजून पांढऱ्याच होत्या. तो आत आला, भिंतीला पाठ लावून बायकोच्या शेजारी बसला, आणि गुडघे पोटाशी घेऊन जमिनीकडे बघत राहिला. मग म्हणाला, “हं.”

त्याच्यासाठी ती थोडी मागं गेली, आणि पुन्हा वखारीपासून सांगायला लागली.